हवाबाईंचं पांढरं फडकं

आमच्या बाई शिकवता शिकवता मध्येच थांबायच्या. खडू फळ्यावर टेकलेला, मान किंचित वर, नाकपुड्या हलताहेत. मग हळूच म्हणायच्या, "आली." खिडकीजवळची मुलं न सांगता उठून खिडक्या लावायची. कोण आली, हे विचारायची आमची छाती नव्हती.

घोटाळा पहिल्याच दिवशी झाला होता. बाई असोद्याच्या. बदली होऊन शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावी आल्या आणि पहिलाच धडा निघाला हवेच्या प्रदूषणाचा. त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या घरी खराब हवा कोणाकोणाला लागते?" अर्ध्या वर्गाचे हात वर. आमच्याकडे हवा लागणं म्हणजे बाहेरचं, भुताखेताचं काही लागणं. एक पोरगा उभा राहून म्हणाला, "मना काकाले लागेल शे बाई, चिंचना खाले." बाई हसल्या नाहीत. काकाला खोकला येतो का, घरात धूर असतो का, एवढंच विचारत राहिल्या. त्या दिवसापासून गावाने त्यांना हवाबाई करून टाकलं.

"आधी हवेची हजेरी, मग तुमची," असं त्या म्हणायच्या. म्हणजे शेतापलीकडची पाण्याची टाकी किती दिसते ते सांगायचं. थंडीत शिवारात कापसाच्या पऱ्हाट्या जाळल्या की टाकीचे खांब नाहीसे व्हायचे आणि वरचं डोकं नुसतं अधांतरी तरंगायचं. "बाई, टाकीना पाय दखातस नही," कोणीतरी दबक्या आवाजात सांगायचं. मग खेळाचा तास बंद. मला त्या बिनपायांच्या टाकीची भीती वाटायची आणि खेळ बुडाल्याचा रागही यायचा.

त्याच थंडीत माझ्या धाकट्या बहिणीला, सुनीला, धाप लागू लागली. आडवं झालं की छातीत शिटी वाजायची, म्हणून ती चुलीजवळच्या भिंतीला टेकून बसूनच झोपायची. "पोरले हवा लागेल शे," मायने ठरवून टाकलं. रोज दिवेलागणीला सुक्या मिरच्या आणि कडुलिंबाचा धूर. सुनी निळी पडायची, डोळे पांढरे करायची. "दख, कशी झोंबस ती," असं म्हणत माय आणखी मिरच्या टाकायची. सुनी मरणार, हे मी मनात धरून चालले होते. मी एकटीच रडत असे.

बाईंना मीच सांगितलं. त्या आल्या, पण मायशी वाद घातला नाही. "बरोबर आहे तुमचं, ताई. हवाच लागलीय. पण ती कुठे बसते ते बघायला नको?" पिशवीतून पांढरं फडकं काढून त्यांनी सुनीच्या पाठीमागे भिंतीवर ठोकलं. "मी येईपर्यंत काढू नका."

आठवड्याने बाई परत आल्या. सुनीला त्यांनी हाताला धरून बाजूला घेतलं, आणि मायने तोंडावर पदर धरला. फडकं काळपट झालं होतं, आणि मधोमध एक पांढरं डोकं, खाली दोन पांढरे खांदे. आमच्या भिंतीत कोणीतरी बसलं होतं.

बाई अगदी हळू म्हणाल्या, "सगळीकडे काजळी बसली, ताई. इथली कुठे गेली?"

माय सुनीच्या छातीकडे बघत राहिली. मग उठली आणि मिरच्यांची परडी उकिरड्यावर रिकामी करून आली. दुसऱ्या दिवशी चूल अंगणात गेली, आणि बाईंनी सुनीला धुळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं.

सुनीच्या पाठीने तेवढं फडकं झाकलं होतं, एवढंच ते. मला हे पुढे कळलं. बाईंना तेव्हाही कळत होतं. पण मायला धाक बसायला हवा होता तसाच बसला, आणि माझी बहीण आज दोन पोरांमागे धावते. बाईंवर माझी माया आहे ती त्यासाठी.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्याचं कळलं. मी असोद्याला गेले. त्यांच्या भाच्याने खोली दाखवली. खिडकीपलीकडे वीटभट्टी धुमसत होती.

"आत्या शेवटी शेवटी आडवी होतच नव्हती," तो म्हणाला. "बसूनच झोपायची. कोणाला काही बोलली नाही."

खाटेमागची भिंत धुरकटली होती. मधोमध पांढरं डोकं, खाली दोन अरुंद खांदे.

"चुना मारायचा राहिलाय," भाचा ओशाळून म्हणाला.

 मी उठले आणि, कोणी न सांगता, खिडकी लावली.