काटकोनातलं भुताचं घर

माझ्या भावोजींनी आयुष्यात एकही वाकडी गोष्ट केलेली नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये, तक्रार म्हणून सांगतेय. एकतीस वर्षं ते पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात डाय तयार करत होते. डाय म्हणजे प्लायवुडची जाड फळी आणि तिच्यात खोक्याच्या आकारात वळवून बसवलेल्या धारदार पोलादी पात्या. वर पुठ्ठा ठेवून दाबला की खोकं कापून निघतं. पाती अर्धा मिलिमीटर जरी सरकली तरी झाकण नीट बसत नाही, म्हणून भावोजींनी ती कधी सरकू दिली नाही. कारखान्यात त्यांना सगळे 'गुण्या' म्हणायचे. सुतार ज्यानं काटकोन तपासतो तो गुण्या. कोणाला असं नाव ठेवलं तर तो चिडेल. भावोजींनी ते जेवणाच्या डब्यावर कोरून घेतलं होतं, सरळ रेषेत.

निवृत्त होऊन हा गुण्या घरी बसला आणि माझ्या ताईच्या नाकी नऊ आले. तसबिरी, पायपुसणी, बरण्यांची झाकणं, शेजाऱ्यांच्या दाराबाहेरच्या चपला, दिसेल ते सरळ करायचं. माझ्या घरी आले की आधी पडदा सारखा करतात, मग "काय मेहुणीबाई?" म्हणतात. त्यांच्या लग्नाच्या फोटोत ते ताईकडे बघत नाहीयेत. मागचा पडदा एका बाजूनं उतरला होता, त्याच्याकडे बघतायत.

ताई हॉस्पिटलात हेड नर्स आहे आणि तिला कशाचीही भीती वाटत नाही. एकदा ती लिफ्टमध्ये दीड तास अडकली होती. दार उघडलं तेव्हा बाहेरचे लोक घामाघूम, आणि आत ही बाई खाली बसून मोज्याला रफू करत होती. अशा बाईला फक्त एका गोष्टीचा ताप होता: बेडरूमबाहेरच्या बोळात भिंतीला टेकवलेले एकोणीस डाय. कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आलं तेव्हा जुने डाय मोडीत निघाले. भावोजींनी निरोपाचं घड्याळ परत केलं आणि डाय मागून आणले.

हॅलोविनच्या आठवड्यात ताईची नडगी टूथपेस्टच्या खोक्याच्या डायवर आपटली आणि टरारून सुजली.

"रविवारी सकाळी भंगारवाला येतोय," ती नडगीवर बर्फ धरून म्हणाली. "बोळ मोकळा."

भावोजींचा चेहरा असा उतरला की मला, माझ्या स्वभावाविरुद्ध, त्यांची दया आली.

"अगं, उपयोगाच्या वस्तू आहेत त्या."

"कशाच्या उपयोगाच्या? सांगा ना!"

भावोजी खोलीभर बघू लागले. टेबलावर बिल्डिंगच्या कमिटीचा कागद पडला होता. शनिवारी हॅलोविन, प्रत्येकानं आपल्या दारावर काहीतरी भीतीदायक लावावं, संध्याकाळी पोरं दारोदार येतील, असं त्यात लिहिलं होतं. भावोजींनी आधी तो कागद टेबलाच्या कडेशी समांतर केला आणि मग म्हणाले, "हे. भुताचं घर. डायवर कापून मी करतो."

"तुम्ही? आणि भीतीदायक?" ताईला इतकं हसू आलं की बर्फ खाली पडला. "बरं, ठरलं. शनिवारी संध्याकाळपर्यंत ते घर बघून एक माणूस, फक्त एक माणूस, खराखुरा घाबरला तर तुमचे डाय राहतील. नाहीतर रविवारी भंगारात. आणि दाराआड लपून भॉक करायचं नाही."

"कबूल," भावोजी म्हणाले.

मी साक्षीदार होते. दुसऱ्या दिवसापासून मजूर झाले. माझं लाँड्रीचं दुकान त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आहे आणि दुपारी गिऱ्हाईक नसतं, हे भावोजींना पक्कं माहीत.

डाय घरी होते, पण ते दाबायचं यंत्र कारखान्यातच राहिलं होतं. यंत्राच्या जागी मी. खाली डाय, त्यावर काळा पुठ्ठा, त्यावर फळी आणि फळीवर मी.

"उड्या मारा मेहुणीबाई. तीन माराव्या लागतील."

"ताईला का नाही सांगत?"

"तिचं वजन पुरत नाही."

चौपन्न वर्षांच्या बाईला हे ऐकून घ्यावं लागतं, आणि वर उड्याही माराव्या लागतात. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ दोनदा वर येऊन गेले. दुसऱ्यांदा त्यांनी मला फळीवर उडी मारताना पाहिलं आणि आल्या पावली परत गेले.

पण खोटं कशाला बोलू, मजा येत होती. बुटांच्या खोक्याच्या डायमधून घराच्या भिंती निघाल्या, औषधाच्या खोक्यातून दोन मनोरे, आणि खोक्याच्या गोल कडांच्या झडपांची थडगी झाली. वटवाघळांची तर कमालच. दुकानात खिळ्याला लटकवलेली पाकिटं असतात ना, त्यांना वर एक भोक असतं, मध्ये उंचवटा आणि दोन बाजूंना पंख असल्यासारखं. ते भोक पाडलं की जो तुकडा पडतो तो म्हणजे हुबेहूब वटवाघूळ. कारखान्यात एकतीस वर्षं हे तुकडे पोत्यांनी फेकले, असं म्हणून भावोजी हळहळले.

मग त्यांनी एक छोटा डाय पुढे ओढला. खोकल्याच्या औषधाच्या खोक्याचा. "हा माझा पहिला," ते म्हणाले. "पाती वळवताना अंगठा कापला. हॉस्पिटलात गेलो तर नवी नर्स होती, तुमची ताई. तिनं पट्टी बांधली ती तिरकी. मी तिला सोडून पुन्हा बांधायला लावली."

"आणि तरी तिनं लग्न केलं?"

"तिसऱ्या वेळी पट्टी सरळ आली," भावोजी म्हणाले आणि पात्यांवरची धूळ बोटानं पुसत बसले. त्या क्षणी मला मनापासून वाटलं की हे डाय भंगारात जाता कामा नयेत. वाटून उपयोग नव्हता, कारण घर बनत होतं ते भयंकर गोंडस.

वाकडेपणा हवा, असं मी सांगितलं. भावोजींनी कोनमापक आणला आणि सगळ्या खिडक्या बरोबर सात अंशांत तिरक्या बसवल्या. सगळ्या एकाच बाजूला, एका ओळीत. मी भिंतीवर जाड गोंद फासून वरून काळा रंग दिला, म्हणजे वाळताना रंगाला भेगा पडतात आणि भिंत शंभर वर्षांची दिसते. सुंदर भेगा पडल्या. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर भेगा गायब.

"भेगा कुठे गेल्या?"

"लांबी भरून बुजवल्या," भावोजी म्हणाले. "फार नाही पडल्या होत्या. वेळेवर लक्षात आलं."

मी कपाळाला हात लावला. ताईच्या बँडेजच्या जाळीचं कोळिष्टक केलं, तर त्यांनी कंपास लावून त्याचे आठ समान भाग पाडले. टूथब्रशनं लाल रंगाचे शिंतोडे उडवले, तर मोठे शिंतोडे एका रांगेत घेतले. कॉफीची पूड गोंदात कालवून गंज केला, तो चारही कोपऱ्यांत सारखा लावला. भुतं तर डायवरच कापलेली, सहाच्या सहा एकाच मापाची, एकमेकांपासून दोन सेंटिमीटरवर, शाळेच्या प्रार्थनेला उभी असल्यासारखी.

शुक्रवारी घर दारावर चढलं. मी आणि भावोजी आतून कान लावून बसलो.

समोरच्या काकू म्हणाल्या, "अय्या, किती गोड!"

इस्त्रीचे कपडे पोचवायला आलेला माझाच माणूस म्हणाला, "छान आहे. पक्ष्यांसाठी का?"

कुरिअरवाल्यानं तर कोणाला काही विचारलंच नाही. भुताच्या घराच्या खिडकीतून एक पाकीट आत सरकवलं आणि सही घ्यायला बेल वाजवली. भावोजींनी त्याला विचारलं, "भीती नाही वाटली?" तो म्हणाला, "कुत्रा आहे का घरात?"

रात्री जेवताना ताई मुद्दाम एकोणीसपर्यंत आकडे मोजत होती. भावोजी जेवले नाहीत.

शनिवारी ताई सकाळच्या ड्यूटीवर गेली. मी दुकान बंद करून दुपारी आले ते भांडायच्या तयारीनंच. घर शेवटचा हात फिरवायला खाली उतरवलेलं होतं. मी बोलायला लागले. म्हटलं, तुम्हाला डाय प्यारे आहेत की काटकोन, एकदाच सांगा. म्हटलं, तुमच्या भुतांना शिस्तीचं बक्षीस मिळेल, घाबरणार कोण? बोलून बोलून दम लागला, म्हणून मी मागची खुर्ची ओढून बसले.

घर त्या खुर्चीवर होतं.

आवाज फार मोठा झाला नाही. मी उठले तेव्हा एक मनोरा पार आडवा झाला होता, दुसरा वाकून पहिल्याला काही विचारत होता, छप्पर मधोमध खचलं होतं आणि भुतं एकमेकांच्या अंगावर कोसळली होती. लांबी भरलेल्या भेगा पुन्हा उघडल्या होत्या. माझ्या पाठीमागे, फिक्या रंगाच्या पँटवर, ओल्या काळ्या रंगाची तीन वटवाघळं उठली होती.

"भावोजी, मी... मी दुसरं करून देते. हव्या तेवढ्या उड्या मारते."

भावोजींनी पट्टी आणि गोंद उचलला. मनोऱ्याला हात लावला. मग थांबले. बराच वेळ ते त्या घराकडे बघत राहिले, आणि मी त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब येताना पाहिले. त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. कडेशी समांतर ठेवली, पण ठेवली.

"राहू दे," ते अगदी घोगऱ्या आवाजात म्हणाले. "हे भीतीदायक आहे. मला भीती वाटतेय."

"मग झालं! एक माणूस घाबरला!"

"मी धरला जाणार नाही. मला सगळ्याचीच वाटते."

त्यांनी ते घर दारावर एकाच खिळ्याला अडकवलं. ते लगेच डावीकडे कलंडलं. भावोजींचे हात शिवशिवायला लागले, मला स्पष्ट दिसत होतं. ते डोळे मिटून आत आले, सोफ्यावर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून त्यांच्यावर बसून राहिले. मी पँटचा डाग ओला आहे तोवर काढावा म्हणून न्हाणीघरात गेले. लाँड्रीवालीच्या पँटवर डाग राहिला तर गिऱ्हाइकांना काय तोंड दाखवणार?

नळ सोडला तेवढ्यात ताई आली.

पुढचं मी ऐकलं ते असं. चपलांचा आवाज. मग ताईचा आवाज, जरा कुत्सित: "अहो, बाहेर ते वाकडं लटकतंय. मोडलंय पण."

आणि भावोजींचा आवाज: "असू दे."

नळ बंद करून मी कान दिला.

"काय म्हणालात?"

"असू दे."

तीस वर्षांच्या संसारात हे दोन शब्द त्या घरात कोणी ऐकले नव्हते. ताईची पिशवी खाली पडल्याचा आवाज आला. "माझ्याकडे बघा. हसा बघू. अहो, हसा! दोन्ही हात वर करा."

"हात नको," भावोजी दातांवर दात दाबून म्हणाले. "हात काढले तर संपलं."

"हात उचलत नाहीयेत? कधीपासून? चिमे! चिमे, ॲम्ब्युलन्स बोलाव! ह्यांना पॅरालिसिसचा झटका आलाय!"

चिमे म्हणजे मी. ओल्या पँटनं धावत बाहेर आले. ताई गुडघ्यांवर बसून भावोजींच्या गालाला दोन्ही हातांनी धरून होती, आणि तिचे हात थरथरत होते. माझ्या ताईचे हात. हजार माणसांना सुया टोचलेले. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई, काही झालं नाहीये! मी घरावर बसले!" असं ओरडून मी पुरावा म्हणून पाठ फिरवली आणि वटवाघळं दाखवली.

सगळं उलगडून सांगायला पाच मिनिटं लागली. ताई जमिनीवरच बसली आणि आधी रडली, मग माझ्यावर ओरडली, मग भावोजींच्या दंडावर फटके मारत पुन्हा रडली. "वाकडं बघून असू दे म्हणतात! मला वाटलं गेले! मेले ना मी भीतीनं!"

बोलून झाल्यावर तिच्याच लक्षात आलं. तिनं ओठ घट्ट मिटले.

भावोजींनी हळूच विचारलं, "म्हणजे घाबरलीस?"

ताईनं पदरानं नाक पुसलं. मी तिच्याकडे बघत होते आणि ती छताकडे.

"डाय पलंगाखाली ठेवायचे," ती शेवटी म्हणाली. "बोळात एकही दिसता कामा नये."

भावोजींचे डोळे भरून आले. मग ताईच उठली, टेबलावरची पट्टी घेऊन त्यांच्या हातात दिली आणि दाराकडे बोट दाखवलं.

"जा. आधी ते सरळ करून या."

"अगं, पण पोरं येतील. असंच जास्त भीतीदायक..."

"माझ्याच्यानं नाही बघवत तसं. जा म्हणते ना!"

भावोजी गेले म्हणजे उडालेच. पोरं यायला लागली तोवर मनोरे उभे होते, छप्पर वर आलं होतं आणि सहा भुतं पुन्हा रांगेत होती. पोरं म्हणाली, किती क्यूट. समोरच्या काकूंनी भावोजींना विचारलं, असंच एक आमच्या पत्रांसाठी कराल का. ताई त्यांच्या शेजारी दारात उभी होती, त्यांचा हात हातात धरून. काकूंना त्याचं फार कौतुक वाटलं. मला दिसत होतं की ताईची दोन बोटं त्यांच्या मनगटावर आहेत आणि नजर घड्याळावर. ती नाडी मोजत होती. मोजून झाली तरी तिनं हात सोडला नाही, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.