होमापाशी पिळलेला कान

त्या प्रकरणाचा राग निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेला नाही.

वैजापूर भागातील एका ठाण्याचा कारभार तेव्हा माझ्याकडे होता. एक तरुण स्त्री वडिलांसह आली. नवऱ्याने गावातील चार जाणत्यांसमोर मुद्रांक कागदावर फारकत लिहून तिचा अंगठा घेतला होता आणि शहरात दुसरा संसार थाटला होता. सासरचे दार तिला बंद झाले होते.

ठाणे अंमलदार म्हणाला, "बाई, फारकत झालीय ना? मग आता कशाला भांडता?"

ती माझ्याकडे वळली. "साहेब, माझं लग्न मोडलं का नाय, येवढं सांगा. सगळं गाव मला टाकलेली म्हणतंय."

मी सांगितले, "मोडलेले नाही. हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट न्यायालय देते. जातीची तशी रूढी पुराव्याने सिद्ध झाली तरच गोष्ट वेगळी." असले कागद लिहून पैसे घेणाऱ्या आणि त्यावर साक्षीला सह्या ठोकणाऱ्या जाणत्यांनी किती बायकांचे आयुष्य नासवले असेल, याचा हिशेब कोण देणार?

पहिली पत्नी हयात असताना दुसरे लग्न करणे गुन्हा आहे. पण तो अदखलपात्र. पोलीस आपण होऊन तपास करू शकत नाहीत. म्हणून तिला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खासगी फिर्याद दाखल करायला सांगितले. त्यांनी चौकशीचा आदेश आमच्याकडे पाठवला.

नवरा निर्धास्त होता. "लग्न केलंच नाय, साहेब. देवळात हार घातले, बास. ठेवलीय म्हणा तिला."

कोणीतरी त्याला नीट पढवले होते. होम आणि सप्तपदी सिद्ध झाली नाही, तर दुसरा विवाहच सिद्ध होत नाही आणि आरोपी सुटतो. दुसरे लग्न लावणारे भटजी काही आठवत नाही म्हणत होते. फोटोतही नुसते हारच.

तेवढ्यात एका मांडववाल्याकडून खबर मिळाली, की लग्न देवळात नव्हे, शहरातल्या मुकुंदवाडीत, दुसऱ्या बायकोच्या माहेरच्या दारात झाले. मी तिथे गेलो. तिचा भाऊ ओट्यावर बसला होता. लग्नाचे नाव न काढता मी विचारले, "दाजींनी कानपिळीला काय दिलं?"

"कसलं काय! घड्याळ कबूल केलं व्हतं, टोपीवर भागवलं. मी बी असा पिळला, लई कळवळला."

"कुठे पिळलास?"

"होमापाशीच की! लाह्या माझ्याच हातानं दिल्या. मग दोघं सात पावलं चालले."

दाजींचा जबाब मी त्याला शब्दशः ऐकवला. दारामागून त्याची बहीण बाहेर आली.

"ठेवलीय म्हणला मला? फारकत झालीय म्हणून मागणी घातली व्हती त्यानं!" मग भावाकडे पाहून म्हणाली, "दादा, कोर्टात खरं सांग."

सात पावले सिद्ध झाली, तरी पहिली पत्नी हयात असल्याने तिचे लग्न अवैधच ठरणार होते. तेही मी तिला सांगितले. तिने शब्द फिरवला नाही.

पोलिसांपुढचा जबाब हा पुरावा नसतो. साक्ष न्यायालयातच व्हावी लागते. उलटतपासणीत बचावाच्या वकिलांनी टोमणा मारला, "कान पिळल्याने लग्न लागते का?"

भाऊ म्हणाला, "नाय साहेब. सात पावलांनी लागतं. ती मी समोर उभं राहून बघितली."

मग भटजींनाही सारे आठवले. आरोपीला शिक्षा झाली.

निकालानंतर पहिली पत्नी न्यायालयाच्या पायरीवर थांबली होती. "म्हणजे मी कायद्यानं त्याची बायकोच?"

"होय."

"मग आता घटस्फोटाचा अर्ज मीच करते. कुठल्या खोलीत द्यायचा?"

वडील काही बोलणार, तोच ती आत वळली.

कायदा माणसाला सोडवतो, पण त्याचे दार कुठे आहे हे आधी कोणीतरी सांगावे लागते. ते सांगणे हेही पोलिसाचे कर्तव्य आहे, हे मला या प्रकरणाने शिकवले. तिला खोली मी स्वतः दाखवली आणि अर्ज दाखल होईपर्यंत बाहेर उभा राहिलो.