इच्छापूरच्या जत्रेतले हळदीचे चिप्स

“ओ बाई, हे पिवळं काय आहे? हळद आहे का यात?” इच्छापूरच्या देवीच्या पायऱ्यांखाली एक बाई आमच्या केळ्याच्या चिप्सचं फोडलेलं पाकीट नाचवत ओरडत होती. तोंडातला घास तिने थुंकला. “नवरात्राचा उपवास माझा! वर फराळी लिहिता, और अंदर हल्दी?” माणसं जमली. आम्ही बचत गटाच्या सात जणी एकमेकींकडे बघायला लागलो. हळद मी घातली होती.

वंदना मॅडम आम्हाला धंदा शिकवायच्या. बुरहानपुरात राजघाटाजवळ एका खोलीत वर्ग होता. मॅडमना पाच मिनिटं एका जागी बसवत नसे. चहासुद्धा उभ्याने. बोलता बोलता अंगणात जायच्या, परत यायच्या. माझी मान दुखायची, तसं मी तोंडावर सांगितलं. म्हणाल्या, “काकू, मग तुम्हीपण उठा. गिऱ्हाईक काही या खोलीत येणार नाही.”

आणि उठवलंच. एकेकीला किराणा दुकानात उभं केलं. “घेणाऱ्याचं सोडा. पाकीट उचलून परत ठेवतो, त्याला विचारा, का ठेवलं?” मला हे शिक्षण कमी आणि उनाडक्या जास्त वाटल्या. दुकानदार खेकसला, “मावशी, काही घ्यायचंय की पहारा द्यायला आलात?”

तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाईक बाईने आमचं चंदेरी पाकीट उचललं आणि परत ठेवलं. विचारलं. म्हणाली, “मागे नेले होते. पांढरेफटक निघाले, पोरं म्हणाली शिळे आहेत.”

घरी येऊन त्या दुकानाच्या मालासाठी मी मिठाच्या पाण्यात हळद टाकली. चिप्स सुरेख पिवळे झाले. उपवासाला हळद चालत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. तो माल जत्रेचा नव्हताच. पण मी कोणाला बोलले नाही. खपले की मग मॅडमला दाखवीन, असा तोरा. दुकानाची आणि जत्रेची पाकिटं सारखी, पोती सारखी. जत्रेच्या सकाळी गटातल्या कमलने सगळ्यांवर फराळीच्या चिठ्ठ्या लावल्या आणि पोती टेंपोत चढवली.

पायऱ्यांखाली ती बाई ओरडत असताना कमल माझ्या कानाशी आली. “काकू, गप राहा. म्हणू, मिरचीचा रंग उतरला.”

सोबत आलेल्या मॅडमनी सरळ विचारलं, “कोणी घातली?”

“मी.”

“किती पाकिटं गेली?”

“माहीत नाही.”

त्या चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे फिरल्या. मग हरवलेल्या माणसांची नावं पुकारतात त्या माइककडे निघाल्या. कमल आडवी आली. “मॅडम, गट बुडेल. एकीलाच तर कळलंय.”

“तिला कळलं म्हणून तिने थुंकलं. बाकीच्या खातायत त्यांना कोण सांगणार?”

माइक त्यांनी माझ्या हातात दिला. मी म्हटलं, “मॅडम, मी चौथी पास.”

“माइकला मार्कशीट लागत नाही, काकू. बोला.”

मी बोलले. “फराळी चिठ्ठीच्या चंदेरी पाकिटात हळद आहे. ती मी घातली. उपवास असेल तर खाऊ नका. पाकीट आणा, केळी घेऊन जा.” तोवर मॅडमनी केळ्यांची अख्खी गाडी थांबवली होती.

दुपारपर्यंत लोक येत राहिले. टोमणे मारत राहिले. एक म्हातारी म्हणाली, “माय वं, मी तर पूर्ण पाकीट खाल्लं, आता काय करू?” मी तिच्या पाया पडले. ती म्हणाली, “पाया पडून हळद निघते का पोटातून?”

परतीच्या टेंपोत मॅडम दांडा धरून उभ्या. “तुम्ही दुकानात बघितलं बरोबर, विचारलंही बरोबर. मग आम्हालाच का नाही विचारलं?”

मला राग आला. “तुम्ही एका जागी बसाल तर विचारीन ना!”

त्या पोत्यावर बसल्या. दोन मिनिटांनी परत उठल्या.

महिनाभरात चौघींनी गट सोडला. पुढच्या नवरात्रात लोक आमचं पाकीट उचलून परत ठेवत होते. मॅडमनी जत्रेतच कढई मांडायला लावली. “डोळ्यांसमोर तळा.” तरी माल बराच उरला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तुकईथड गावच्या बायकांना शिकवायला जाताना बसमध्ये मॅडमचं हृदय बंद पडलं, त्या गेल्या. नंतरच्या नवरात्रात कढईपुढे रांग लागली. जत्रेतल्या त्या सात जणींपैकी कमल, शोभा आणि मी, अशा तिघी अजून चिप्स तळतो.