बोर्डिंगवरचं बुजगावणं

चहा घ्या, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण मी सांगणार आहे ती फजिती माझी स्वतःची आहे, आणि मला हसलेलं चालत नाही. आमच्या कळस गावात विचारा कुणालाही!

मी बारामतीच्या चर्चच्या बोर्डिंगात राहून चौथीपर्यंत शिकलो. ते जुनं बोर्डिंग पडायला आलं, तेव्हा आमच्या माजी विद्यार्थ्यांनी नवं बांधायला घेतलं. त्यातले बरेच जण परदेशात. तिकडून मदत त्यांनी पाठवायची आणि इथं कामावर उभं मी राहायचं. का? तर मी कडक!

खालचा मजला मुलांचा, तो झाला. वरचा मुलींचा व्हायचा होता. तो करायचा की नाही हे बघून ठरवायला अमेरिकेतून दावीदराव येणार होते. आमच्याच बोर्डिंगचा जुना विद्यार्थी. त्यांनी मान हलवली तर मजला, नाही तर नाही. आणि माझ्या नातीचं कॉलेज त्या मजल्यावाचून अडलं होतं. रोज कळसहून एसटीनं ये-जा करून शिक्षण होत नाही हो!

आता, नव्या बांधकामाला नजर लागते. लागते की नाही? मी वर, पुढच्या सळईला बुजगावणं टांगायचं ठरवलं. पाळकसाहेब म्हणाले, "आबा, आपण असलं मानत नाही."

"तुमी नका मानू. कामावर मी हाय."

कोठीत एक जुनी ट्रंक होती, कुणाची ते मी विचारलं नाही. तिच्यातून काळा कोट आणि साहेबी टोपी काढली. कोट जाड. भुसा झकास बसला! डोक्याला मडकं. रफिक मिस्त्रीला म्हटलं, "तोंड तू रंगव. बघणाऱ्याला धडकी भरली पायजे." त्यानं रंगवलं, वर चढून बांधलं. मी खालून मान हलवली.

दावीदराव यायच्या दिवशी सकाळी पाळकसाहेब घाम पुसत आले.

"आबा, ट्रंकेतला कोट कुठं आहे?"

"कुठला कोट?"

"थोरल्या सरांचा! दावीदरावांना आज तोच बघायचाय. काचेच्या कपाटात ठेवायचाय तो."

थोरले सर म्हणजे आमचे वॉर्डन. देवाघरी गेले, पण त्यांचं नाव काढलं की म्हातारी माणसंसुद्धा ताठ बसतात. आणि मी त्यांच्या कोटात भुसा भरून तो सळईला लटकवला होता!

"बघतो," मी म्हणालो. आवाज नेहमीसारखाच कडक ठेवला.

तडक मिस्त्रीकडं गेलो. "रफिक, शिडी आण!"

"शिडी कन्हेरी गावातल्या कामावर गेली, आबा."

"मग जिन्यानं जा वर!"

"जिन्याचा स्लॅब कालच टाकलाय. त्यावर पाय ठेवंल त्याची तंगडी तोडीन, आसं तुमीच म्हणला."

म्हणालो होतो. आता स्वतःची तंगडी कशी तोडणार?

लांब बांबू घेऊन खालून ढोसलं. कोट सुटेना. बुजगावणं गर्रकन फिरलं, त्याचा एक हात वर झाला आणि फाटकाकडं तोंड करून ते थांबलं. स्वागतालाच जणू! आणि फाटकातून दावीदरावांची गाडी आत.

मग काय काय दाखवलं मी त्या माणसाला! पाण्याची टाकी दाखवली. गटार दाखवलं. गटाराचं झाकण उचलून आतलंही दाखवलं.

"आबा, इमारत दावा की!"

"आधी पाया बघा."

"पाया जमिनीत हाय, आबा. मला वरच्या मजल्याची जागा बघायचीय."

"वर बघू नका. ऊन लय हाय, डोळं दिपत्यात."

"ऊन कुठलं? ढग हायत की!"

आणि ढग बघायला त्यांनी मान वर केली.

संपलं! पाळकसाहेबांनी डोळे मिटले. दावीदरावांनी हात मागं बांधले. आम्ही सरांपुढं हजेरीला उभं राहायचो, अगदी तसे.

"कोट थोरल्या सरांचा," ते हळूच म्हणाले.

"व्हय."

"कुणी टांगला?"

"मी. मला म्हाईत नव्हतं, पण टांगला मीच. काय बोलायचं ते मला बोला. पोरींचा मजला आडवू नका." एवढं एका दमात मी लग्नातसुद्धा बोललो नव्हतो.

ते एकदा वर, एकदा माझ्याकडं बघायला लागले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत.

"कोट सरांचा खरा," ते म्हणाले, "पण आबा, तोंड तुमचं हाय की वो!"

मी चष्मा लावला. पहिल्यांदाच नीट बघितलं. माझ्या मिशा. माझ्या भुवया. कपाळावर माझीच आठी.

"रफिक!"

"आबा, धडकी भरंल आसं तोंड काढ म्हणला. मला दुसरं सुचलंच न्हाय."

पाळकसाहेब फाटकाला धरून हसत होते. दावीदरावांनी फोटो काढून परदेशातल्या सगळ्यांना धाडला. तिकडचे हसले, आणि मजलाही मंजूर झाला. कोट झटकून कपाटात गेला. बुजगावणं मात्र कुणी उतरवू देईना. त्याला आता माझाच जुना सदरा घातलाय.

मजला झाला, आणि नात आता तिथंच राहायला आहे. परवा फोनवर विचारलं, "पोरी, घरची आठवण येती का?"

"न्हाय वो आबा. खिडकी उघडली की तुमी हायच. उलट हितलं तुमी बरं. वरडत न्हाय!"