पिशवीसकट

झाडापुढे सगळी माणसं सारखी असतात. चाकणजवळच्या आमच्या कंपनीच्या वृक्षारोपणात हे वाक्य माइकवरून घुमलं, तेव्हा माझी आई झाडापासून वीस पावलं लांब, पाण्याच्या टँकरमागे उभी होती. वाक्य मीच लिहिलं होतं. आईला तिथं मीच पाठवलं होतं.

मी त्या कंपनीत कंत्राटावर कारकून होते. चार पुस्तकं वाचलेली, म्हणून साहेबांची भाषणं माझ्याकडे यायची. कंपनीने एक उजाड टेकडी दत्तक घेतली होती. फलकावर लिहिलं होतं, ‘इथलं जंगल आम्ही परत आणू.’ जंगल कोण घेऊन गेलं होतं, ते फलकावर नव्हतं.

रोपं आईची. तिचं माहेर खेडच्या पश्चिमेला, घाटाजवळ. तिथल्या राईतून ती दर उन्हाळ्यात बेहडा, ऐन, काटेसावर, बहावा यांचं बी वेचून आणायची. बेहड्याचं बी टणक, ते शेणकाल्यात भिजवायची. घरामागच्या हिरव्या जाळीखाली तिने दोन वर्षं ही रोपं वाढवली. तिला अक्षरओळख नाही. ती म्हणायची, “वरची पानं कुणीबी बघतंय. खाली मूळ कसं चाललंय ते बघावं.”

कंपनीला मी सांगितलं होतं, ओळखीच्या एक नर्सरीवाल्या बाई आहेत. आई आहे, हे सांगितलं नव्हतं. माझ्या गळ्यात ओळखपत्राची पट्टी होती आणि तिच्या नखांत माती.

मोठे साहेब आले. चिखलात बूट भरू नयेत म्हणून खड्ड्यापर्यंत लाल सतरंजी. खड्डे मजुरांनी आदल्या दिवशीच खणलेले. साहेबांनी दोन बोटांनी रोप धरलं आणि काळ्या पिशवीसकट खड्ड्यात ठेवलं. पितळी झारीने पाणी घातलं. फोटो निघाला. साहेबांनी पिशवी काढली नाही म्हणून मॅनेजरने काढली नाही. मॅनेजरने काढली नाही म्हणून सुपरवायझरने नाही. आमच्याकडे काम असंच वरून खाली येतं.

आई पुढे धावली. “अवो सायेब, पिशवी काढा आधी. मूळ कोंडंल त्याचं!”

“मावशी, फ्रेममध्ये येताय,” फोटोग्राफर म्हणाला.

एचआरचे सर हसले. “फोटो पाहिजे का मावशी? आधी हात तरी धुऊन या.”

सगळे हसले. मग सरांनी माझ्याकडे वळून विचारलं, “कोण आहेत या?”

“नर्सरीवाल्या मावशी आहेत, सर.”

आणि तिच्याकडे बघून मी म्हणाले, “मावशी, मागं व्हा. त्या टँकरपाशी थांबा.”

जन्मल्यापासून मी तिला आये म्हणते. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ती मागं झाली.

संध्याकाळी तिने मला भाकरी वाढली. एवढंच म्हणाली, “पिशवी फाडाया कितीसा येळ लागतो गं.”

दुसऱ्या दिवशी विळा घेऊन ती टेकडीवर गेली. निदान हाती लागतील तेवढ्या पिशव्या फाडू म्हणून. तारेच्या फाटकावर नांदेडकडचा वॉचमन. तो बिचारा हात जोडून म्हणाला, “मावशी, झाडाझाडाला साहेबलोकांच्या नावाच्या पाट्या हायत. तुम्हाला आत सोडलं तर माझी नोकरी जातीय बघा.” ती तीनदा गेली, तीनदा परत आली. गेटपास माझ्या शेजारच्या टेबलावर बनायचे. मी मागितला नाही. मागितला असता तर त्यावर नातं लिहावं लागलं असतं.

उन्हाळ्यापर्यंत रोपं वाळली. सर म्हणाले, “तुम्हीच लिहिलं होतं ना, हे पानगळीचं जंगल आहे म्हणून? मग गळणारच.”

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा कार्यक्रम ठरला. मजुरांना सांगितलं, जुनेच खड्डे उकरा. मी यादी घेऊन उभी होते. एका मजुराने वाळकं रोप उपसलं. पिशवी धड. आत मुळ्या सुंभासारख्या गोल गोल गुंडाळलेल्या. “ह्याला पिशवीभायेर माती भेटलीच न्हाई, मॅडम,” तो म्हणाला.

तेवढ्यात सरांचा फोन आला. “रिपोर्टमध्ये सगळी रोपं जगली असं लिहा. आणि त्या मावशींना यंदाच्या रोपांचं सांगून ठेवा.”

मी ते वाळकं रोप घेऊन ऑफिसात गेले आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं. “सर, त्या मावशी माझी आई आहे. रिपोर्ट मी लिहिणार नाही. आणि रोपंही मिळणार नाहीत.”

ते खरंच हळहळले. “अहो, आधी सांगायचं ना! त्यांना स्टेजवर बसवलं असतं.”

तिथं माझे डोळे उघडले. कारकुनाची आई म्हणून तिला खुर्ची होती. मुळं ओळखणाऱ्या बाईला टँकरची मागची बाजू. आणि ही वाटणी त्यांनी नंतर केली, आधी मी केली होती.

घरी आईने ते रोप मांडीवर घेतलं. विस्कटलेल्या केसांतला गुंता सोडवावा तशी एकेक मुळी सोडवत बसली. सुटताना मुळ्या मोडत होत्या. “दोन वरसांचा बेहडा व्हता,” ती म्हणाली.

“आये, मी त्या दिवशी तुला मावशी म्हणाले.”

“ऐकलं व्हतं मी.”

आणि तिने पुढची मुळी सोडवायला घेतली.

कंत्राट पुढे वाढलं नाही. आता मी जाळीखाली काम करते. आलेल्या माणसाला पहिल्या वाक्यात सांगते, ही माझी आई, रोपं हिची. रोप न्यायचं तर खड्डा स्वतः खणायचा, पिशवी स्वतःच्या हाताने फाडायची, आणि त्या वेळी ही पुढे उभी असणार. हे जमत नसेल तर साहेब कितीही मोठा असो, रोप मिळणार नाही. याच्या खाली मी एक पायरीही उतरणार नाही.

आतापर्यंत चार कंपन्यांचे फोन आले. चौघांनीही एकच विचारलं, लावायला माणसं तुमचीच ना?