नाव, काम, माती

रंगाचं काम संपलं की डब्याच्या तळाशी वाटीभर रंग उरतोच. टाकवत नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या भिंतीला चालतही नाही. माझ्या वारज्याच्या घरात पलंगाखाली असे पंचवीस-तीस डबे आहेत. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे किस्सेही असेच साचलेत. आज त्यातले थोडे उघडते.

हा ग्रुप स्वतःच्या नावावर कामं घेणाऱ्यांचा. प्लंबर, वायरमन, सुतार, फरशीवाले आणि मी रंगवाली. पगारावर कुणीच नाही. डोक्यावर साहेब नाही, त्यामुळे झापायला कुणी नाही आणि पाठ थोपटायलाही. दोन्ही कामं ग्रुपवरच होतात.

ॲडमिन गायकवाडकाका, कसबा पेठेतले प्लंबर. सकाळी 'जय भीम' टाकतात आणि मग दिवसभर गळतीचे फोटो. नवीन माणूस आला की त्याला गुलाबाची फुलं वगैरे काही मिळत नाही. काकांचा तीन शब्दांचा मेसेज जातो, "नाव, काम, माती."

माती म्हणजे कामात खाल्लेली माती. आजवरची सगळ्यात मोठी. ती खरी वाटली की काका लिहितात, "बसा." झालं, माणूस आमचा.

* * *

माझी माती आधी सांगते. मी चौथी शिकलेली, म्हणून टाइप न करता बोलूनच पाठवली.

एका बाईंनी बेडरूमच्या शेडचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला, इंग्रजी आकड्यांत. मी दुकानात चिठ्ठी उलटी धरली. सहाचे नऊ झाले, नवाचे सहा. बाईंना हवा होता सायीचा रंग, मशीनमधून निघाला वांग्याचा. मला वाटलं, असेल बाईंची आवड, आपल्याला काय! तीन भिंती झाल्यावर बाई आल्या आणि दारातच खाली बसल्या.

काकांनी विचारलं, "चौथी भिंत वाचली ना?"

"वाचली."

"बसा."

तेव्हापासून ग्रुपवर मला कुणी आकड्यांत नंबर पाठवत नाही, अक्षरांत लिहितात. 'सहा', 'नऊ'. फोन नंबरसुद्धा! हे करा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही कधी आभार मानले नाहीत. मानले असते तर बंद केलं असतं त्यांनी, असली ही माणसं.

* * *

वायरमन जोशींची माती मला सगळ्यात आवडते.

त्यांनी मंडईजवळ एका आजोबांच्या घरी वायरींची अदलाबदल केली. दारावरची बेल दाबली की हॉलमधला पंखा फिरायचा आणि पंखा लावला की बेल वाजायची. जोशी मान खाली घालून दुरुस्त करायला गेले, तर आजोबांनी हात धरला.

"पंख्याचं बटण तेवढं नीट करा. बेलला हात लावू नका. बेल मला ऐकू येत नाही, पंखा दिसतो."

* * *

एक इंटिरियरवाले आले होते. डिप्लोमा, स्वतःचं कार्ड, कोट घातलेला फोटो. त्यांनी लिहिलं, "माझ्या कामात आजवर एकही चूक नाही."

काकांनी विचारलं, "मग काम कधी सुरू करताय?"

गेले ग्रुप सोडून. मला वाईट वाटलं नाही.

* * *

ग्रुपवर एका शब्दाला बंदी आहे, 'उद्या'. सुतारकाम करणाऱ्या एकाने जोशींना लिहिलं, "उद्या येतो." जोशी तीन दिवस दार उघडं ठेवून बसले. मग काकांनी नियम केला, "'उद्या' पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला सांगायचं. इथे वार सांगायचा."

* * *

आता शबानाचं सांगते. ती आली आणि तिने लिहिलं, "नाव शबाना. काम फरशी. माती नाही, कारण काम पहिलंच आहे."

ती दहा वर्षं अब्बांच्या हाताखाली फरशी बसवत होती. अब्बांचे गुडघे गेले, आणि वारज्याच्या एका रो-हाउसमधलं तळमजल्याचं बाथरूम तिने पहिल्यांदा स्वतःच्या नावावर घेतलं.

काका 'बसा' म्हणाले नाहीत. टोमणाही मारला नाही. नुसतं लिहिलं, "मग थांबा."

तिने मला वेगळा मेसेज केला की पार्टीच्या मॅडम रोज विचारतात, तुझ्याबरोबर कुणी माणूस नाही का? मी तिला बोलून पाठवलं, "मला विचारायचे, तुमचे साहेब कधी येणार? मी सांगायचे, साहेब घरी कुकर लावतायत, तुम्ही भिंत दाखवा."

ती हसली. पण शुक्रवारी दुपारी तिने ग्रुपवर व्हिडिओ टाकला. पाणी जाळीकडे जावं म्हणून फरशीला ढाळ द्यायचा असतो. शबानाने बादली ओतली, आणि सगळं पाणी जाळीकडे पाठ करून दाराकडे निघालं.

रविवारी मॅडमचे वडील घरी येणार होते. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, वॉकर धरून चालणार. दारात पाणी म्हणजे म्हातारा माणूस पुन्हा आडवा. शबानाने स्वतःच मॅडमना बोलावून चूक दाखवली. मॅडम म्हणाल्या, शनिवारी संध्याकाळपर्यंत नीट झालं तर ठीक, नाहीतर मी दुसरा माणूस आणते. 'माणूस' या शब्दावर जोर देऊन म्हणाल्या.

सगळी फरशी उखडून परत बसवायची तर चार दिवस हवेत. शबानाने एवढंच लिहिलं, "अब्बांना कुणी सांगू नका."

त्यावर एकानेही शहाणपणा शिकवला नाही. आम्ही एरवी चहात साखर कमी पडली तरी भाषण देणारी माणसं. काकांचा मेसेज आला, "शनिवार. आठ वाजता."

आठ वाजता काका, जोशी आणि मी हजर. काका बाथरूमच्या फरशीवर गाल टेकून आडवे झाले. एक डोळा मिटला. बराच वेळ तसेच पडून राहिले. मॅडम घाबरल्या, यांना काही झालं की काय!

काका उठले, गाल पुसला. "पोरी, ढाळ एक नंबर आहे. जाळी चुकीच्या जागी आहे."

ड्रेनेजचं चेंबर नेमकं दाराकडच्या भिंतीपलीकडे होतं. तळमजला, त्यामुळे फरशीखाली सरळ जमीन. दाराशेजारच्या कोपऱ्यातल्या दोन फरश्या फोडल्या, खणलं, पाइप टाकला आणि जाळी तिथे आणली. जुनं भोक बंद केलं. खणायला शबाना, पाइपला काका, घमेली उचलायला जोशी आणि मी. माझ्या कमरेने त्या दिवशी मला जे ऐकवलं ते सांगण्यासारखं नाही.

चार वाजता मॅडमनी स्वतः बादली ओतली. पाणी कोपऱ्यात गेलं, जाळीवर गोल फिरलं आणि संपलं. त्यांनी आणखी दोन ओतल्या. मग आत जाऊन चार कप चहा आणला, आणि पहिला कप शबानाच्या हातात दिला.

रविवारी दुपारी ग्रुपवर शबानाचा फोटो आला. दारात वॉकर, खाली कोरडी फरशी. दुसरा फोटो अंगणातल्या मातीच्या ढिगाचा. खाली लिहिलं होतं, "नाव शबाना. काम फरशी. माती अकरा घमेली."

काकांचं उत्तर लगेच आलं.

"बारा होती. बसा."