दोन नंबरच्या टाकीत कोण होतं?

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसतो. भूतबाधा, अंगात येणं, उतारा... हे सगळं आमच्या घरातून बौद्ध धम्माच्या दीक्षेच्या दिवसापासून हद्दपार झालं. वडिलांनी मला बजावलं होतं — डोळ्यांना दिसेल आणि बुद्धीला पटेल तेवढंच मानायचं. मी तेच मानत आलो, आज सत्तरी ओलांडल्यावरही तेच मानतो. म्हणूनच ही एक गोष्ट मला कुठे ठेवावी ते कळत नाही.

दीक्षेनंतरचा दुसरा हिवाळा. मी बावीस वर्षांचा, हिंगणघाट स्टेशनला लागून असलेल्या एका तेल कंपनीच्या डेपोत खलाशी, म्हणजे पडेल ते काम करणारा मजूर होतो. डेपोत येणाऱ्या रेल्वेच्या फाट्यावर, सायडिंगवर, टाकीच्या वॅगनी लागायच्या, त्यातलं पेट्रोल आणि घासलेट पंपाने डेपोच्या टाक्यांत घ्यायचं, तिथून पिंपात आणि डब्यांत भरून कापसाच्या जिनांना, मोटारींना, खेड्यापाड्यांना. अंगाचा वास कितीही अंघोळ केली तरी जायचा नाही. आई म्हणायची, "तू आला हे मले फाटकातच समजते."

माझा जोडीदार महादेव. आर्वीकडच्या रोहण्याचा, कुणब्याचा पोरगा, माझ्याहून चारेक वर्षांनी मोठा. घरी शेती होती, पण भाऊ बरेच म्हणून हा नोकरीला आला. टाकी साफ करायचं काम आम्हा दोघांकडे. ते काम डेपोत सगळ्यात वाईट. आडव्या पिंपासारख्या लांबलचक लोखंडी टाक्या, विटांच्या खांबांवर निजवलेल्या. वर मधोमध एक गोल तोंड, माणूस जेमतेम उतरेल एवढं. टाकी रिकामी करून चार दिवस उघडी ठेवायची, तरी आत गॅस राहायचाच. दिवा न्यायची सोय नाही, लोखंडी अवजार चालायचं नाही, ठिणगी पडली तर संपलं. तोंडाला ओला दुपट्टा बांधून एकाने उतरायचं, पितळेच्या पट्टीने तळाचा गाळ खरवडायचा. दुसऱ्याने वर बसून त्याच्या कमरेची दोरी हातात धरायची. दोरीचा एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे बादली ओढ. तीन म्हणजे मला वर घे.

त्या दिवसांत गावात अजून आमच्या लोकांची विहीर वेगळी होती, आणि डेपोत महादेवचा जीव माझ्या हातातल्या दोरीला टांगलेला असायचा.  

त्या सकाळी मी दोर आणायला गोदामात गेलो होतो. नऊच्या सुमारास परत आलो तर महादेव दोन नंबरच्या टाकीवर उभा. तोंडाला दुपट्टा बांधलेला, पाठ माझ्याकडे.

"चाल, बांध लवकर," तो म्हणाला. "ऊन चढलं का आत बसवत नाई."

मी त्याच्या कमरेला दोर बांधला. गाठ माझ्या हातची. तो शिडीवरून उतरला आणि अंधारात लांबच्या टोकाकडे गेला.

तासभर नेहमीसारखं काम चाललं. दोन हिसके आले की मी वेगळ्या दोराने बादली ओढायचो, गाळ ओतायचो, रिकामी बादली खाली सोडायचो. तीन बादल्या झाल्या. मध्येच मी दोरी हलवून विचारायचो, एक हिसका परत यायचा. थोडं बोलणंही झालं. टाकीत आवाज घुमतो, तरी माणूस ओळखू येतो. महादेवचाच आवाज होता, याबद्दल मला आजही शंका नाही.

"किसना, गाळ लई घट्ट बसला. मांगच्या टायमाले कोनं साफ केलतं?"

"तूच केलतं," मी म्हणालो.

पट्टीचा आवाज थांबला. मग तो म्हणाला, "असन."

आणि पुन्हा पट्टीचा खरवडायचा आवाज सुरू झाला.

दहा वाजून गेले असतील. सायडिंगच्या फाटकातून कोणीतरी आत येताना दिसलं. हातात कागद, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला... महादेव. तो सरळ टाकीशी आला, शिडी चढून माझ्याजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "काऊन बे, माह्यासाठी थांबला नाई? आत कोनाले उतरवलं?"

 दोरी माझ्या हातात ताणलेली होती.

"तू कुठं गेलता?" मी विचारलं.

"टेसनावर. सायबानं सकाळीच धाडलं वॅगनीचे कागद आनाले. तुले सांगितलं नाई का त्यायनं?"

तेवढ्यात दोरीला हिसका बसला. मग दुसरा. मग तिसरा.

महादेवने दोरी हलताना पाहिली. त्याने खाली वाकून हात लावला, तेव्हा पुन्हा तीन हिसके आले... सावकाश, एकामागून एक. ते त्याच्या हातालाही लागले. मला वाटतं, म्हणूनच मी आजवर स्वतःला वेडा समजलो नाही.

"ओढ ना," महादेव म्हणाला. "किसना, ओढ, कोनी हाय आत."

माझे हात हलेनात. भीती म्हणावी तर तसंही नव्हतं. डोकं एकाच जागी अडकलं होतं — महादेव इथे उभा आहे, मग मी कोणाला ओढतोय? किती वेळ गेला सांगता येत नाही. शेवटी महादेवनेच ओढायला सुरुवात केली आणि मग मीही लागलो. आधी वजन होतं, माणसाएवढं. चार-पाच हात दोर आला आणि एकदम हलका झाला. आम्ही दोघं मागे पडता पडता वाचलो.

दोराचं टोक वर आलं. माझी गाठ जशीच्या तशी होती. फास कमरेएवढा, गाळाने माखलेला, कुठे सैल झालेला नाही.

आमच्या ओरडण्याने डेपोचे सुपरिंटेंडेंट साहेब धावत आले. मद्रासकडचे, शिस्तीचे. त्यांनी आधी सगळ्यांना फाटकाशी उभं करून मोजलं. पहारेकऱ्यासकट आम्ही सात माणसं, सातही हजर. साहेब म्हणाले आत कोणीही उतरायचं नाही. पण आत माणूस बेशुद्ध पडला असेल तर? मी ऐकलं नाही. महादेवच्या हाती दोर देऊन मी उतरलो.

या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने चाचपत गेलो. लांबच्या बाजूचा तळ निम्मा खरवडून स्वच्छ झालेला होता. तिथे पितळेची पट्टी बाजूला नीट ठेवलेली, शेजारी अर्धी भरलेली बादली. बस्स. डोकं गरगरायला लागलं, तसे मी तीन हिसके दिले. महादेवने क्षणही न दवडता मला ओढून काढलं.

साहेब म्हणाले, "गॅस डोक्यात गेला तुझ्या. तोंडाजवळ बसून होतास ना?" असेलही. मी स्वतः कितीदा तसंच ठरवून टाकलं. पण मग त्या तीन बादल्या कोणी भरल्या? मीच खाली उतरून भरल्या म्हणावं, तर माझे कपडे उतरण्याआधी कोरडे होते, हे साहेबांनीही पाहिलं. स्टेशनवरच्या बाबूने महादेव तासभर तिथे बाकावर बसला होता असं सांगितलं. साहेबांनी मग टाकी दुसऱ्या दिवशी पाण्याने भरून टाकायला लावली. ती रिकामी केली तेव्हाही काही निघालं नाही.

जास्त हाल महादेवचे झाले. आठवडाभर तो माझ्यासोबत बसायचा आणि मध्येच विचारायचा, "मले नीट पाह्य. मीच हाव ना?" पहिल्यांदा मी हसलो. नंतर हसलो नाही. त्याचा हात धरून "तूच हास" म्हणायचो, तेव्हा त्याला बरं वाटायचं. पुढे त्याने टाकीचं काम सोडून पिंपं भरायचं काम मागून घेतलं, आणि काही वर्षांनी नोकरीच सोडून रोहण्याला शेतीवर गेला.

आमचं येणं-जाणं शेवटपर्यंत होतं. त्याच्या थोरल्या मुलीच्या लग्नाला मी पंगतीत त्याच्या शेजारी बसलो होतो. या विषयावर मात्र आम्ही बोलायचं टाळायचो. तो आजारी पडला तेव्हा भेटायला गेलो. बराच वेळ पिकापाण्याच्या गोष्टी झाल्या. निघताना त्याने मला खाटेवर परत बसवलं.

"किसना, एक विचारू? थो जो कोनी होता, त्यानं वर घे म्हनलं. आपन लवकर ओढलं असतं, त निघाला असता का रे?"

डोळ्यांना दिसलं नाही, बुद्धीला पटत नाही. तरी "तिथे कोणी नव्हतं" एवढं साधं उत्तर मला त्याला देता आलं नाही. वाचकांपैकी कोणाला देता येत असेल तर जरूर कळवा. महादेव आता नाही, पण मला ते हवं आहे.